छपन्नाव्या वर्षी पुन्हा पाटी-पेन्सिल



आज भाताच्या रोपवाटिकेबद्दल किंवा करपा रोगाबद्दल लिहीत नाही. ते नेहमीचेच आहे आणि पुढेही लिहीनच. आज माझीच एक चूक तुम्हांला सांगायची आहे, आणि ती चूक निस्तरताना या वयात मला जे शिकावे लागले तेही सांगायचे आहे.

मी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा बी. एस्सी. पदवी घेतली आणि विस्ताराच्या नोकरीत लागलो. विस्ताराचे काम म्हणजे शास्त्रज्ञांना जे उमगले ते तुमच्या बांधापर्यंत आणून पोचवायचे. "नवे आहे म्हणून भिऊ नका, आधी एका गुंठ्यात करून पाहा," हे वाक्य मी आजवर इतक्या बांधांवर उभे राहून बोललो आहे की, आमची मंडळी म्हणतात, तुम्ही झोपेतही तेच बरळता. पण लॅपटॉपच्या बाबतीत मात्र हा पहिला गुंठा मी स्वतः कधी नांगरलाच नव्हता.

राहायला मी भाईंदरला आहे. मुंबईच्या लोकलमधून जाणाऱ्याला भाईंदर म्हणजे इमारतींचे जंगल दिसते, आणि ते खोटे नाही. १९८५ साली येथे नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका झाली, आणि त्या दरम्यान व त्यानंतर माणसे इतकी वाढली की जुन्या भाईंदरचा माणूस स्वतःच्या गल्लीत वाट चुकावा. पण पश्चिमेला उतरून उत्तनकडे जाणाऱ्या बसमध्ये बसा. मुर्धा, राई, मोर्वा ही गावे लागतात. एका बाजूला मिठागरे, खाडीची खाजणे, आणि अधूनमधून अजून तग धरून राहिलेली भाताची खाचरे. पावसाळ्यात भात आणि मागाहून वाल, मुळा, मेथी असे करणारी काही घरे तेथे अद्याप आहेत. त्यांपैकी एका घरातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याची ही गोष्ट. सगळे त्यांना बाबा म्हणतात, मीही तेच म्हणतो.

बाबांच्या दारचे बैल कधीच गेले. भाड्याचा ट्रॅक्टर येतो, पण तो त्यांच्या लहान खाचरांत वळत नाही, बांध फोडतो. म्हणून अनुदानावर पॉवर टिलर घ्यावा असे त्यांच्या मनात आले. शेतकरी योजनांचे अर्ज आता संगणकावरूनच करावे लागतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच. बाबांनी अर्ज केला, निवड झाली, आणि आता कागद चढवायचे होते : सातबारा, आठ-अ, यंत्राचे दरपत्रक. ती पिशवी घेऊन ते माझ्या घरी आले. "साहेब, तुमीच बघा," म्हणाले.

मी कागद पाहिले. सगळे बरोबर होते. मग मी काय करावे? घरात मुलाने मागे ठेवलेला जुना लॅपटॉप होता. त्यावर टेबलक्लॉथसारखे एक कापड घातलेले असे. मी बाबांना सांगितले, "बाजारात दुकान आहे, तेथला मुलगा चढवून देईल. पन्नासएक रुपये घेईल."

बाबा गेले. दोन महिने त्यांनी वाट पाहिली. मग मी चौकशी केली तेव्हा कळले की, अर्ज रद्द झालेला आहे. आठ-अ म्हणून जो कागद चढवला होता तो बाबांचा नव्हताच. त्याच नावाच्या दुसऱ्याच कोणा गृहस्थाचा होता. तो बदलून द्या असा निरोपही आला होता, पण अर्जात मोबाईल नंबर दुकानाचा घातलेला. निरोप तेथे गेला आणि तेथेच राहिला. मुदत संपली.

दुकानाचे नाव मी सांगणार नाही. दिवसाला शेकडो कागद चढवणारा पोरगा, त्याची चूक झाली. पण पाठवण्याआधी तो कागद एकदा उघडून पाहिला असता तर चूक तिथल्या तिथे दिसली असती, आणि पाहायला हवे होते मी. त्या पावसाळ्यात बाबांची दोन खाचरे पडीक राहिली. ट्रॅक्टर आत जाईना आणि मजूर मिळेना. उत्तनला जाताना बसच्या खिडकीतून ती दोन खाचरे मला दिसत. आजूबाजूला हिरवेगार आणि मध्ये तेवढेच गवत.

बाबा काही बोलले नाहीत. बोलली ती त्यांची नात. भाईंदरला कॉलेजात शिकते. रद्द झाल्याचा कागद घेऊन दोघे आले होते. तिने मला विचारले, "साहेब, पाठवण्याच्या आधी फाईल कोणी उघडून बघितली होती का?"

मी म्हणालो, "ते दुकानदाराचे काम."

"पण तुम्हाला उघडता येते ना?"

वाचकहो, आता खरे सांगतो. संगणकाची परीक्षा पास झाल्याचे प्रमाणपत्र माझ्या कपाटात आहे. २००१ साली एम. एस. सी. आय. टी. चा अभ्यासक्रम निघाला आणि पुढे सरकारी नोकरांना असे प्रमाणपत्र सक्तीचे झाले, तेव्हा आम्हीही परीक्षा दिली. मी उत्तरे पाठ केली आणि पास झालो. प्रमाणपत्र कपाटात गेले आणि विद्या तेथल्या तेथे राहिली. त्यानंतर वीस वर्षे ऑफिसात जे काही संगणकावरचे होते ते कोणातरी तरुण सहकाऱ्याने केले. मी फक्त "हं, छान, प्रिंट काढ," म्हणत असे. मोठ्या हुद्द्याच्या माणसाला हे सोंग फार दिवस वठवता येते.

पण त्या मुलीपुढे ते वठेना. मी म्हणालो, "नाही येत."

तिने डोळे मोठे केले नाहीत की हसली नाही. म्हणाली, "मी लहान होते तेव्हा तुम्ही आमच्या शेतावर दोरी घेऊन आला होतात."

चारसूत्री भातलावणीचे ते दिवस. २५ आणि १५ सेंटिमीटरवर खुणा केलेली दोरी धरायची, खुणेवर चूड लावायचे, आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची गोळी चिखलात खोचायची. लावणी करणाऱ्या बाया दोरीला हसत. "आमच्या हातालाच मोजमाप आहे," म्हणत. मी दिवसभर चिखलात उभा राहून पुन्हा पुन्हा तेच दाखवत असे. ती मुलगी बांधावर बसून ते पाहत होती, हे मला माहीतही नव्हते.

"रविवारी येते," ती म्हणाली. त्या दिवसापासून मी तिला बाय म्हणू लागलो आणि ती मला काका म्हणू लागली.

पहिल्या रविवारी तिने फक्त दोनच गोष्टी शिकवल्या. सुरू करणे आणि बंद करणे. मला वाटले, हे काय शिकायचे! पण मी बंद करायचे म्हणजे झाकण मिटत असे. झाकण मिटले की यंत्र बहुधा नुसते झोपते, बंद होत नाही. पडद्यावर जाऊन 'शट डाउन' असे सांगावे लागते, मग ते आपली आवराआवर करून बंद होते. विहिरीवरची मोटर आपण स्टार्टरने बंद करतो, वायर ओढून करीत नाही, तसेच समजा.

दुसऱ्या रविवारी बोट. लॅपटॉपला पुढे एक गुळगुळीत चौकोन असतो, त्याला टचपॅड म्हणतात. त्यावर बोट फिरवले की पडद्यावरचा बाण फिरतो. माझा बाण बोलावले तिकडे कधी येत नसे. दोनदा टिचकी मारायला सांगितले की माझे बोट पहिल्या आणि दुसऱ्या टिचकीच्या मध्ये सरकत असे. बाबा एकदा बसले होते, त्यांनीही बोट लावून पाहिले, तर बाण हलेच ना. जन्मभर चिखल, मीठ आणि कोयता धरलेले बोट, त्याची कातडी इतकी सुकी आणि जाड झालेली की त्या पट्टीला ते बोट आहे हेच पुरतेपणी कळेना. बायने दुसऱ्या दिवशी साधा माउस आणला. तुमच्यापैकी ज्यांचे हात खरे कष्टाचे आहेत त्यांनी टचपॅडशी झगडत बसू नये, वायरचा माउस घ्यावा. तो फार महाग नसतो आणि त्याला तुमच्या हाताचे घट्टे चालतात.

मराठी लिहिणे मला वाटले त्यापेक्षा सोपे निघाले. सेटिंगमध्ये जाऊन मराठी भाषा एकदा जोडावी लागते. मग इंग्रजीतून मराठीत यायला खिडकीचे चित्र असलेले बटण आणि खालची लांब पट्टी एकदम दाबायची. इनस्क्रिप्ट नावाची जी मांडणी आहे तिच्यात स्वर आणि काने-मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. शिफ्ट दाबून क काढला की ख येतो, ग चा घ होतो, त चा थ. बाराखडी येणाऱ्याला त्यातली रीत लगेच समजते. एकच गोष्ट उलटी वाटते. 'शि' लिहिताना आपण कागदावर आधी वेलांटी काढतो, येथे आधी श आणि मग वेलांटी. जुन्या टाइपरायटरवर हात बसलेल्यांना हे जड जाते. मला कशाचीच सवय नव्हती, त्यामुळे अडले नाही! आठ दिवसांत मी 'भात', 'वाल', 'मुळा' असे लिहू लागलो, आणि महिन्याभरात चार ओळींचे पत्र. दुसरा एक फायदा असा की, युनिकोडात लिहिलेले हे मराठी कोणत्याही मशीनवर उघडले तरी मराठीच दिसते. पूर्वी एका ऑफिसात टाइप केलेले पत्र दुसऱ्या ऑफिसात उघडले की नुसती चिन्हे दिसत, कारण त्या मशीनवर तो टाइप नसे.

मग एक दिवस गर्व झाला. जूनच्या पहिल्या पावसात, एका गावाच्या खरीप बैठकीचा अहवाल मी दोन तास बसून स्वतः लिहिला. वीज गेली. मुलाचा तो जुना लॅपटॉप, त्याची बॅटरी केव्हाच मेलेली, तो वायरीवरच चाले. पडदा काळा झाला आणि दोन तासांचे लिखाण गेले. मी बायला फोन केला तर ती म्हणाली, "काका, कंट्रोल आणि एस दाबलेत का मध्ये मध्ये?" नव्हते दाबले. कंट्रोल धरून एस दाबले की लिहिलेले जपून ठेवले जाते, आणि हे शेवटी एकदा नव्हे, दर पाच-दहा ओळींनी करायचे. आता माझी बोटे ते आपोआप करतात. याच्याच शेजारची दुसरी युक्ती म्हणजे कंट्रोल आणि झेड. चुकून काही पुसले गेले की ते दाबायचे, पुसलेले परत येते. पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा मी कितीतरी वेळ पुसत होतो आणि परत आणत होतो. जास्त झालेली तणनाशकाची फवारणी अशी मागे घेता आली असती तर, असे मनात आले. असो.

हिशेबाचे कोष्टकही तिने दाखवले. आकडे एकाखाली एक लिहायचे, बेरीज ते स्वतः करते. मी मोठ्या हौसेने घरखर्च मांडला. आमच्या मंडळींनी पडद्यावर नजर टाकली आणि विचारले, "दुधाचे कुठे आहेत?" मी दूध विसरलो होतो. त्यांच्या वहीत ते होते. त्यानंतर घरखर्चाचे काम वहीकडेच आहे.

पण ज्या एका गोष्टीसाठी हे सगळे चालले होते ती म्हणजे फाईल. तिच्यापाशी थोडे थांबू या.

संगणकातला प्रत्येक कागद म्हणजे एक फाईल, आणि फाईली ठेवायच्या खोक्याला फोल्डर म्हणतात. कागदाचा फोटो काढला किंवा स्कॅन केला की यंत्र त्याला आपल्या मनाने काहीतरी नाव देते. 'स्कॅन १', 'स्कॅन २', नाहीतर नुसते लांबलचक आकडे. आता विचार करा. खळ्यावर कर्जत-३ चे बी एका पोत्यात आहे, रत्नाचे दुसऱ्यात आणि जयाचे तिसऱ्यात, आणि पोत्यांना चिठ्ठी नाही. घरधनी स्वतः असला तर दाणा पाहून ओळखेल. पण पोते दुसऱ्याने उचलून नेले तर? दुकानात त्या दिवशी नेमके हेच झाले होते. दोन शेतकऱ्यांचे आठ-अ, दोघांचे नाव सारखे, दोन्ही फाईलींना यंत्राने दिलेले आकडे. मुलाने उचलले ते पोते दुसऱ्याचे निघाले.

तेव्हा कागद लॅपटॉपमध्ये आला की पहिले काम, त्याला चिठ्ठी बांधायची. फाईलवर बाण नेऊन माउसचे उजवे बटण दाबा, 'रिनेम' असे येते, तेथे नाव मराठीत लिहिता येते. मग प्रत्येक माणसाचे एक फोल्डर. आणि पाठवण्यापूर्वी दोनदा टिचकी मारून ती फाईल उघडायची आणि डोळ्यांनी वाचायची : नाव, गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा, क्षेत्र. यात अवघड काही नाही. मला यायला वीस वर्षे लागली, कारण मला विचारायची लाज वाटत होती.

तुम्ही म्हणाल, आता सगळे मोबाईलवर होते, मग लॅपटॉप कशाला? होते, खरे आहे. खुद्द वारणानगरला हे घडले. १९९८ साली वारणा खोऱ्यातल्या ७० गावांसाठी संगणकाची मोठी योजना निघाली, ऊस उत्पादकाला गावातच आपल्या उसाचे वजन कळावे असे त्यात होते. पुढे काही गावांत संगणकाच्या जागी मोबाईलवरच्या संदेशाने तेच काम करून पाहिले गेले. निरोप मिळण्यापुरता मोबाईल पुष्कळ झाला. पण सातबारा सबंध, वरपासून खालपर्यंत, इतर हक्कांच्या रकान्यासकट एका नजरेत वाचायचा असेल तर मोठा पडदा बरा. आणि तुमच्या घरात कॉलेजला जाणारे पोर असेल तर लॅपटॉप बहुधा असतोच. नुसता सिनेमा पाहण्यापुरता त्याचा उपयोग होऊ देऊ नका.

सातबाऱ्याचे निघाले म्हणून सांगतो. महाभूलेखच्या संकेतस्थळावर सातबारा फुकट पाहता येतो, पण तो माहितीपुरता. अर्जाला जोडायला डिजिटल सहीचा लागतो. १ मे २०१८ पासून तो मिळू लागला. १५ रुपये भरून तो आपला आपण उतरवून घेता येतो आणि त्यावर तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज नाही. उतरवलेला कागद लॅपटॉपच्या 'डाउनलोड्स' नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन पडतो. नवशिका माणूस तो सगळीकडे शोधतो आणि तो तेथे असतो. मी पहिला सातबारा तीनदा उतरवला, पंचेचाळीस रुपये गेले, आणि तिन्ही तेथेच पडलेले होते.

आणि ज्यांच्या घरी लॅपटॉप नाही, ज्यांना दुकानातच जावे लागते, त्यांनीही एवढे करावे. अर्जात मोबाईल नंबर स्वतःचा किंवा घरातल्याचा द्यावा, दुकानाचा कधीही देऊ नये. पाठवण्याआधी दुकानदाराला म्हणावे, "बाबा रे, फाईल उघड, मला बघू दे." तो घाईत असेल, चिडेल, चिडू द्या. वाचता येत नसेल तर शाळेत जाणारे नातवंड बरोबर न्यावे. अर्ज भरून झाला की 'लॉग आउट' करायला लावावे. आणि मोबाईलवर येणारा ओटीपीचा आकडा फोनवरून विचारणाऱ्या कोणालाही सांगू नये, मग तो स्वतःला बँकेचा साहेब म्हणवो की आमच्या खात्याचा.

बाबांचा नवा अर्ज आम्ही पुढच्या वेळी माझ्याच टेबलावर भरला. त्यावरचे कापड आता आमच्या मंडळींनी दुसरीकडे नेले आहे. बाय शेजारी बसली होती, पण हात मागे घेऊन. मी चालवत होतो. पुन्हा निवड झाली तेव्हा कागद चढवायला तिघे बसलो. आठ-अ ची फाईल मी उघडली, मोठी केली. बाबांनी चष्मा लावला आणि पडद्याजवळ वाकून आपले नाव बोट ठेवून वाचले, मग वडिलांचे नाव, मग आडनाव. सर्व्हे नंबर वाचला, हिस्सा वाचला. क्षेत्र वाचताना मान हलवली.

"हाच," म्हणाले. मग विचारले, "याला नाव काय ठेवलंत?"

मी वाचून दाखवले. त्यांचे पूर्ण नाव आणि पुढे 'आठ-अ'.

बाबा थोडे थांबले. "साहेब, माझ्या नावाचे या पट्ट्यात तिघे हायेत. सर्व्हे नंबर पण लिवा."

मी फाईलवर बाण नेला, उजवे बटण दाबले, आणि सर्व्हे नंबर लिहिला.